उन्हाळी कार्यशाळा आणि आजोबांचा प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलीस चित्रकारांच्या सामाईक कार्यशाळेत उन्हाळ्याचे सहा आठवडे राहून काम करण्याचे निमंत्रण आले. ती पेढे घेऊन आमच्या घरी आली होती. तिच्या आजोबांनी मात्र एकच विचारले, "बाय, पगार नाही, परीक्षा नाही, मग तिथून तू आणणार काय?" त्या वेळी आम्हीही आजोबांचीच री ओढली, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. मुलगी गेली नाही. तिची जागा दुसऱ्या कोणास मिळाली.

आजोबांचा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. मुंबई सोडून येथे आल्यावर ज्याने कारखान्यात वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केल्या, त्यास बिनपगारी उन्हाळा ही चैन वाटणारच. परंतु त्या प्रश्नास उत्तर आहे, आणि ते आम्ही तेव्हाच द्यावयास हवे होते.

ही मुलगी तांब्याच्या पत्र्यावर चित्रे काढते. पत्र्यास मेणाचा लेप द्यावयाचा, सुईने रेषा ओढावयाच्या, मग पत्रा आम्लात बुडवावयाचा. लेप निघाला तेथे आम्ल धातू खाते. त्या खाचांत शाई भरून वरची पुसून काढतात आणि ओलसर कागदासह पत्रा जड रुळांखालून नेतात. असे यंत्र तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांत ठेवावयाचे कोठे? आम्लाची वाफ स्वयंपाकघरात कोण सोसणार? म्हणूनच अशा कार्यशाळा सामाईक असतात. आरिक किलेमनिक यांनी 1974 साली येरुशलेममध्ये छापकामाची कार्यशाळा काढली, तेथे चित्रकार कसबी छपाईकारांच्या सोबतीने काम करतात. आणि यंत्राइतकाच शेजारीही उपयोगी पडतो. शाई जास्त पुसली गेली, हे घरी कोण सांगणार? घरी सारेच "छान" म्हणतात.

मुंबईकरांना वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट आठवत असेल. पन्नास-साठच्या दशकांत गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार तेथे एकाच छपराखाली काम करीत, आणि रविशंकरांची संगीतशाळाही तेथेच होती.

आमच्या समाजास तर ही रीत मुळीच परकी नाही. 1880 च्या सुमारास मुंबईत आमच्या वडीलधाऱ्यांनी मराठी कीर्तनाच्या साच्यात तोराहमधील कथा बसविल्या. ते काही एकट्याने कोनाड्यात बसून होणारे काम नव्हे. एकाने पद रचावे, दुसऱ्याने चाल सुचवावी, तिसऱ्याने पेटीवर सूर धरावा, तेव्हा कोठे आख्यान उभे राहते. त्यांनाही घरी कोणीतरी विचारलेच असेल, यातून मिळते काय म्हणून!

सगळीच निमंत्रणे स्वीकारावीत, असे आमचे म्हणणे नाही. काही ठिकाणी खोलीचे भाडे उकळण्यापलीकडे फारसे काही नसते. जाण्यापूर्वी विचारून घ्यावे: शुल्क किती, कागद-शाईचा खर्च कोणाचा, यंत्र दिवसातून किती तास हाती येईल, शिकविणारे कोणी तेथे असते काय, स्वयंपाकघर काशेर आहे काय, शब्बाथला काम थांबते काय. मुलगी एकटी राहणार असल्यास आईवडिलांनी एकदा जाऊन जागा पाहून यावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

आमची मंडळे सभागृहाचे भाडे, हारतुरे आणि जेवणावळी यांवर सढळ हाताने खर्च करतात. एका मुलाचे वा मुलीचे बसभाडे आणि शाई-कागदाचा खर्च त्यांना जड जाऊ नये. हा विषय आम्ही पुढील सभेत मांडणार आहोत. त्या मुलीने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. आजोबांनाही सभेचे आमंत्रण दिले आहे. त्यांनी आपला प्रश्न सर्वांसमक्ष विचारावा, या वेळी आम्ही उत्तर तयार ठेवले आहे.