एका गाण्याच्या अनेक रात्री

'ग्रेटफुल डेड'कडे वळणाऱ्या नव्या श्रोत्याच्या हाती बहुधा ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातील मैफलच दिली जाते. ती उत्तम आहे, यात वाद नाही. पण एका रात्रीला प्रमाणसंहिता मानणे या वाद्यवृंदाच्या वृत्तीशीच विसंगत आहे. १९६८ च्या तबकडीवर ३ मिनिटांच्या आत संपणारे 'डार्क स्टार' १९६९ च्या 'लाइव्ह/डेड'मध्ये २३ मिनिटे विस्तारते. मग मूळ कोणते आणि पाठभेद कोणता? श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा देऊन या मंडळींनी तो निवाडा त्यांच्यावरच सोपवला. १९९५ मध्ये जेरी गार्सिया गेले. मागे फसलेल्या रात्रीही जपल्या गेल्या. केवळ शिखरे ऐकणाऱ्याला चढण कळत नाही. तेव्हा आरंभ एकाच गाण्याच्या दोन रात्रींपासून करावा.