गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान



विहारांतून ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांत कोल्हापूरचे गंगाराम कांबळे यांचे नाव क्वचितच ऐकू येते. ते पुढारी नव्हते, ग्रंथकार नव्हते. चहाचे दुकान चालविणारे एक गृहस्थ होते. तरीही नंदुरबारसारख्या दूरच्या जिल्ह्यात नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी त्यांचे चरित्र जाणून घेतले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गंगाराम हे राजर्षि शाहू महाराजांच्या पागेत नोकर होते. स्पृश्यांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला त्यांनी हात लावला, एवढ्याच अपराधासाठी तेथील सवर्ण नोकरांनी त्यांना चाबकाने रक्तबंबाळ होईतो मारले. महाराज त्या वेळी बाहेरगावी होते. ते परतल्यावर गंगारामांनी त्यांच्यापुढे उभे राहून आपली पाठ दाखविली. महाराजांनी मारणाऱ्यांस शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांस नोकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले. महाराजांच्या साहाय्याने भाऊसिंगजी रस्त्यावर, भर वस्तीत, ‘सत्यसुधारक हॉटेल’ उघडले गेले.

वाचकहो, हा काळ ध्यानात घ्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 सालचा. त्याच्याही कितीतरी आधी एक अस्पृश्य मनुष्य राजरस्त्यावर चहा विकावयास बसला होता, आणि ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याच्या हातचा चहा घ्या, असे गावाला सांगत होता. गाव अर्थातच आले नाही. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता. परंतु विटाळाला चव कळत नाही. तेव्हा महाराज स्वतःच आपली गाडी दुकानासमोर उभी करून चहा मागवू लागले. गाडीतील सरदार-अधिकाऱ्यांच्या हातीही कप जाई. राजासमोर नाही म्हणण्याची छाती कोणाची? हळूहळू रस्त्याने जाणारेही आत येऊ लागले.

आज तुमच्यामागे राजा नाही, कायदा आहे. तो कोठवर पोहोचतो हे नीट समजून घ्या. संविधानाच्या अनुच्छेद 15 अन्वये दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत जातीवरून कोणासही मज्जाव करता येत नाही. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 च्या कायद्याने, ज्यास 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला असून त्यास एक ते सहा महिने कैद व दंड अशी शिक्षा आहे. तुमच्यासाठी वेगळा कप खुंटीला टांगलेला दिसला, तर तो नुसता अपमान नव्हे, पुरावा आहे. बौद्ध झालो म्हणजे हे संरक्षण गेले, अशी भीती काही घरांत अजून आढळते. ती निराधार आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले, आणि अशा खटल्यात कृत्य अस्पृश्यतेपोटी घडले असे गृहीत धरण्याची जी तरतूद आहे तिचा लाभ त्यांसही मिळतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीने आपल्या धंद्यात अडथळा आणणे व आर्थिक बहिष्कार घालणे हेही गुन्हे ठरले.

पण गिऱ्हाइकाला तुमच्या बाकावर आणून बसविणारे कलम कोणत्याही पुस्तकात नाही. बहिष्काराची दवंडी पिटली तर फिर्याद करता येते. मुकाट्याने पलीकडच्या टपरीवर जाणाऱ्यावर कोणती फिर्याद करणार? या भयानेच आपले कित्येक बांधव दुकानाच्या पाटीवर आडनाव घालीत नाहीत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावीत नाहीत. त्यांची निंदा करण्यास आम्ही धजत नाही; ज्याच्या घरी चूल पेटावयाची आहे त्याला उपदेश करणे सोपे असते. तरीपण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गंगाराम कोण आहेत हे सर्व कोल्हापुरास ठाऊक होते, आणि त्या दुकानाचे सारे महत्त्व त्यातच होते. नाव लपवून विकलेल्या चहाने पोट भरते, विटाळ मात्र जागचा हलत नाही.

तेव्हा आपल्यांपैकी कोणी खाणावळ किंवा चहाचे दुकान काढले, तर त्याचे पहिले गिऱ्हाईक आपण व्हावे, आणि एकटे न जाता कचेरीतील, शाळेतील, बाजारातील अन्य जातीच्या स्नेह्यास बरोबर न्यावे. महाराजांनी दुसरे काय केले? पैसे मात्र रोख द्यावेत. समाजाचे दुकान म्हणून उधारी वाढवून ते बुडविणारेही आपल्यांतच आहेत. सम्यक आजीव हे अष्टांगमार्गाचे अंग आहे आणि तथागतांनी उपासकास मद्याचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. चहाचे दुकान त्या कसोटीस सहज उतरते.

गंगाराम केवळ आपल्या गल्ल्यापुरते जगले नाहीत. 6 मे 1922 रोजी शाहू महाराज निवर्तले. त्यानंतर थोड्याच वर्षांत कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते दरबाराने उभारले नाही, सरदारांनीही नाही. गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेतला आणि त्यांच्या अस्पृश्य बांधवांनी त्यांस साथ दिली.