झोप येत नाही म्हणणाऱ्याकडे लक्ष द्या

पऱ्हाटीवर लाल्या आला तर तो बांधावरूनच दिसतो. तुरीला मर लागली की झाड माना टाकते. बैलाने दोन वेळा कुटार तोंडात घेतले नाही तर घरातली म्हातारीच सांगते, “याले पाहा, काहीतरी बिघडलं.” मग कोणी डॉक्टरकडे धावते, कोणी ओळखीचा झाडपाला आणते, पण बैलाला कोणी तसाच सोडत नाही. माणसाच्या बाबतीत आपण एवढी काळजी घेतो का? घरातला कर्ता माणूस पंधरा पंधरा दिवस अर्धी भाकर खाऊन उठतो, रात्रभर बाजेवर कूस बदलतो, पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या मारतो, आणि आपण म्हणतो, “टेन्शन आहे त्याले, पाऊस आला की होईल बरोबर.”

आज लिहायचे आहे ते या पंधरा दिवसांबद्दल.

आपल्या जिल्ह्याचे नाव राज्याबाहेर कशासाठी घेतले जाते हे कोणाला सांगायला नको. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला ठिकठिकाणी अन्नत्याग होतो. करपे गावाचे सरपंच राहिलेले, गाण्या-भजनात रमणारे, चार लोकांत उठबस असलेले गृहस्थ होते. हे मुद्दाम सांगतो. कारण “तो तसा एकलकोंडाच होता,” असे म्हणून आपण पुष्कळदा स्वतःची सुटका करून घेतो. हसणारा, बोलणारा, दुसऱ्याच्या भांडणात मध्यस्थी करणारा माणूसही आतून खचलेला असू शकतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मन खंबीर ठेवा, योगासने करा, सकारात्मक विचार करा, असा उपदेश शेतकऱ्याला करणे सोपे असते. करणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. कापसाला भाव नसेल, सोयाबीन पाण्यात सडले असेल, विम्याचे पैसे अडकले असतील, तर त्याचे उत्तर उपदेशात नाही. ती लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहिली पाहिजे. पण लढायला माणूस जागेवर हवा. आणि आजारी मनाने कर्जाचा हिशेबही नीट होत नाही, बँकेत धड बोलताही येत नाही, हा आपल्या सर्वांच्या पाहण्यातला अनुभव आहे.

आता पंधरा दिवसांचे. डॉक्टर लोक उदासीचा आजार ओळखताना साधारण दोन आठवड्यांचा काळ धरतात. बहुतेक वेळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप उडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे, जेवण तुटणे, थकवा, लहानसहान गोष्टीवर चिडणे, आपण घराला भार झालो असे वाटणे, यातल्या बऱ्याचशा गोष्टी दोन आठवडे टिकल्या तर तो नुसता ताण राहिला नाही, असे समजावे. गावाकडे माणूस “मला उदास वाटते” असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, “डोकं जड झालं,” “छातीत धडधडते,” “हातापायात जीव नाही.” बाया तर अंगदुखीच सांगतात. तपासण्या होतात, सलाईन लागते, पैसे जातात, दुखणे तसेच राहते. शरीराची तपासणी जरूर करावी. पण त्यात काही निघाले नाही तर “डॉक्टरसाहेब, झोप नाही, मन लागत नाही,” हेही तोंडाने सांगावे. सांगितल्याशिवाय तेही विचारत नाहीत. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात.

घरच्या घरी काय करता येईल? पुष्कळ करता येते, आणि त्याला पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट झोपेची. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत मोबाईलवर कापसाचे भाव पाहणारे शेतकरी आता गावोगावी दिसतात. त्या वेळी ना बाजार उघडा असतो, ना आपण काही विकणार असतो. भाव सकाळीही कळतो. जेवण झाल्यावर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, चहा संध्याकाळनंतर घेऊ नये, आणि रात्री कितीही उशिरा डोळा लागला तरी सकाळी उठण्याची वेळ रोजची तीच ठेवावी. झोप येत नाही म्हणून दुकानातून गोळी आणून खाऊ नये. त्यातल्या काही गोळ्यांची सवय लागते. तीच गत दारूची. पेल्याने डोळा लागतो खरा, पण मध्यरात्री झोप मोडते, आणि सकाळी मन आदल्या दिवसापेक्षा जड असते. खर्च वेगळा, घरातली भांडणे वेगळी. दारूच्या दुकानाविरुद्ध आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी मोर्चे काढले, उन्हात बसल्या. त्यांना हे कुठल्या पुस्तकातून कळले नव्हते.

दुसरी गोष्ट कामाची. मन खचले की माणूस वावरात जाणे टाळतो. मग पीक बिघडते, ते पाहून मन आणखी खचते, आणि हे चक्र सुरू होते. अशा वेळी “सगळे काम कर” म्हणून मागे लागण्यापेक्षा एकच लहान काम ठरवून द्यावे. आज फक्त बैलांना पाणी पाजून आण. उद्या एक तास धुऱ्यावरचे गवत काढ. मन लागो न लागो, ठरलेल्या वेळी उठून तेवढे करायचे. दिसायला ही फार साधी गोष्ट आहे, पण उदासीवरच्या उपचारात ती जाणीवपूर्वक वापरली जाते. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून हीच पद्धत सहा ते आठ भेटींत वापरून पाहिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचा उपयोग झाल्याचे दिसले.

तिसरी गोष्ट कर्जाची, आणि तिच्यावर थोडे अधिक बोलले पाहिजे. पुष्कळ घरांत खरे कर्ज किती हे एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असते. बँकेचे एवढे, सोसायटीचे एवढे, कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याचे हातउसने, बायकोच्या गटाचा आठवड्याचा हप्ता, आणि सावकाराचे जे कोणाला सांगता येत नाही ते. डोक्यात हा आकडा रोज वाढतच जातो. एके दिवशी दुपारी बायको आणि थोरला मुलगा-मुलगी यांना जवळ बसवा आणि सारे एका वहीत लिहा. कोणाचे, किती, व्याज किती, कधी द्यायचे. लिहिल्याने कर्ज कमी होणार नाही, पण कोणते आधी, कोणते थांबू शकते, कोणासाठी जाऊन बोलावे लागेल, हे दिसू लागते. बँकेत नवे-जुने करण्याची मुदत कोणती, पुनर्गठन मिळते का, हे विचारायला एकट्याने जाऊ नका. सोबत कोणीतरी न्या. दोघे असले की साहेबही दोन वाक्ये जास्त बोलतो. आणि सावकार बिनपरवान्याचा असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा तुमच्या बाजूने आहे. त्याच्या नावे लिहून दिलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, चौकशीनंतर परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. अर्ज सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायचा असतो.

लग्नाच्या खर्चाचे काय लिहावे? आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले गाडगेबाबा आयुष्यभर हेच सांगत फिरले, कर्ज काढून सण-लग्न करू नका. त्यांना जाऊन १९५६ पासून किती वर्षे झाली! पुतळे झाले, डीजेही वाढले.

माणसांत बसणे हेही औषधच आहे. पूर्वी पारावर रोज बैठक व्हायची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना लावून दिली. भक्तीचा भाग ज्याचा त्याने घ्यावा. पण रोज एका वेळी सारे गाव सतरंजीवर शेजारी शेजारी बसते आणि कोण आला नाही हे लगेच लक्षात येते, हा तिचा मोठा फायदा होता. ज्या गावांत ती चालू आहे तिथल्या लोकांनी ती मोडू देऊ नये. जिथे नाही तिथे भजन असो, ग्रंथवाचन असो, नाहीतर नुसत्या गप्पा असोत, रोजची एक बैठक हवी. न आलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी एकाने जावे.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात डिक्सन चिबांडा नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने २००६ च्या सुमारास असेच काही केले. देशात मनाचे डॉक्टर बोटावर मोजण्याइतके. त्यांनी वस्तीतल्या आजीबाईंना शिकवून तयार केले आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. माणूस येतो, आजीशेजारी बसतो, अडचण सांगतो. दोघे मिळून एक अडचण निवडतात आणि पुढची पायरी ठरवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सहा महिन्यांनी या लोकांची उदासी इतरांपेक्षा बरीच कमी आढळली. तिकडे कशाला जावे, आपल्या विदर्भातच ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हे काम केले. आधी उदासीच्या आजाराने त्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ लोक मदत घेत होते. नंतर ते प्रमाण २७ वर गेले. लोकांना मदत नको असते असे नाही. विचारायला कोणी येत नाही.

विचारायचे कसे, याची अनेकांना भीती वाटते. मरणाचे बोललो तर त्याच्या डोक्यात नसलेले येईल, असे म्हणतात. हा गैरसमज आहे. “भाऊ, फार त्रासला दिसतेस. जीव नकोसा झाला काय?” असे जवळ बसून सरळ विचारावे. बहुतेकांना विचारल्याने मोकळे वाटते. उत्तर हो आले तर उपदेश करू नका, बायको-पोरांची शपथ घालू नका. ऐकून घ्या, त्या रात्री त्याला एकटे ठेवू नका, आणि दुसऱ्या दिवशी सोबत दवाखान्यात जा. अशा घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी बाहेर काढा. खरे तर कोणत्याच घरात ते साठवू नये. लागेल तेवढेच आणावे. वाईट विचाराची लाट पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते, त्या वेळी हाताशी काही नसणे महत्त्वाचे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण खूप खाली आले. नुसत्या कुलपाच्या पेट्या वाटूनही पाहिल्या, त्यांचा मात्र तसा गुण आला नाही. म्हणून विक्रीवरचे नियंत्रण ही सरकारची जबाबदारी आहेच, ती शेतकऱ्याच्या कपाटावर ढकलता येणार नाही.

बायांचे दुःख या साऱ्यात मागे पडते. माणूस गेला की तेरवीपर्यंत घर भरलेले असते. चौदाव्या दिवशी ती आणि पोरे राहतात. २००६ च्या शासन निर्णयाने एक लाखाची मदत ठरली, पण पात्र-अपात्रच्या कागदांत अनेक घरे अडकली. कर्ज सातबाऱ्यावर तसेच राहते, आणि आता फेरफारासाठी चकरा मारायला तीच. अशा घरी तेरवीनंतरच्या महिन्यात जाणे अधिक गरजेचे आहे. बोलायला सुचत नसेल तर वेचणीला सोबत जा, वहीतला हिशेब समजावून द्या.

आता गावच्या अधिकाऱ्यांशी दोन शब्द. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे ठरले, लोक अजून जुन्याच नावाने हाक मारतात. नाव काहीही असो, जप्तीची नोटीस, वसुलीचा तगादा, नुकसानीचा पंचनामा हे सारे तुमच्या हातून जाते. कोणाचा चेहरा उतरला हे तुम्हाला सर्वांआधी दिसते. नोटीस द्यावी लागली तरी ती चारचौघांत वाचू नका. पोलीस पाटलांनी हे लक्षात ठेवावे, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच आधी धरले आहे. त्याला उपचार व आधार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. गुन्ह्याच्या भीतीने लोक लपवतात आणि दवाखान्यात उशिरा नेतात, तेव्हा ही गोष्ट गावात सांगा. आशाताईंवर प्रेरणा प्रकल्पाचे काम २०१५ पासून आले, इतर पंचवीस कामांच्या जोडीला. त्यांनी एखाद्या घराबद्दल कळवले तर कागद पुढे सरकवून थांबू नका, स्वतः जा.

औषधाबद्दलही एक शंका नेहमी येते. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत. भगताकडे जाणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. तिकडे जायचे तर जा, पण गोळी चुकवू नका. मनोविकाराचे डॉक्टर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहेत. उमरखेड किंवा झरीच्या माणसाला तो दिवसभराचा प्रवास पडतो हेही खरे आहे. त्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक लावायचा. पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते. येत्या ग्रामसभेत हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेवर आणि कृषी केंद्राच्या दारावर लिहून घेण्याचा ठराव मांडा. खडूने लिहू नका, एका पावसात पुसला जातो. ऑइलपेंटने लिहा, आणि चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा.