चूल कोणाची?

इंग्लंडांत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांचा एक शिरस्ता अलीकडे ठरून गेला आहे. उन्हाळ्याची सुटी लागली कीं वेल्सच्या एखाद्या खेड्यांतील दगडी घर आठवड्याच्या भाड्यानें घ्यावयाचें, मुंबई-पुण्याहून आलेल्या आईबापांना तेथें न्यावयाचें, आणि परत आल्यावर आप्तेष्टांना प्रवासाचा वृत्तांत सांगावयाचा. या वृत्तांताचा पूर्वार्ध सृष्टिशोभेच्या स्तुतीनें भरलेला असतो, उत्तरार्ध मात्र एका वाक्यांत आटोपतो : "पण जवळपास खायला-प्यायला म्हणून कांहीं नाहीं."

हें वाक्य आम्हीं इतक्यांदा ऐकलें आहे, आणि एके काळीं स्वतःहि उच्चारलें आहे, कीं त्याचा समाचार घेणें आतां आम्हांला कर्तव्यच वाटतें. आमचें म्हणणें प्रथमच स्पष्टपणें सांगून टाकतों. हें विधान अर्धें खोटें आहे. आणि जें अर्धें खरें आहे, त्याचा दोष त्या खेड्याकडे नसून बव्हंशीं ज्या घरांत आपण उतरतों त्या घराकडे, म्हणजे पर्यायानें आपल्याकडेच, आहे.

खोटा भाग आधीं पाहूं. वायव्य वेल्समध्यें समुद्रांत हात पसरावा तसें पसरलेलें ल्लीन नांवाचें द्वीपकल्प आहे. आम्ही उतरलों होतों तें याच भागांत. द्वीपकल्पाच्या टोंकाशीं आबरडारोन हें गांव, आणि समोर एन्ल्ली बेट. या बेटाच्या तीन यात्रा म्हणजे रोमची एक यात्रा, असें मध्ययुगांत मानीत. होडीची वाट पाहणाऱ्या यात्रेकरूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून बांधलेलें एक जुनें घर आबरडारोनला अद्याप उभें आहे. 'अ गेगिन व्हाउर', म्हणजे 'थोरलें स्वयंपाकघर', हें त्याचें नांव. पुढें त्याचें उपाहारगृह झालें. उत्तर किनाऱ्यावर पोर्थदिन्ल्लाइन येथें पाहुण्यांना मोटार नेतां येत नाहीं. वाळूवरून अगर टेकाडावरून पायींच जावें लागतें. तेथील 'टी कोख', म्हणजे 'तांबडें घर', १८२३ सालीं धर्मोपदेशकाच्या निवासासाठीं बांधलेलें असून १८४२ पासून तेथें पब आहे. नांत ग्वर्थेर्न या ओस पडलेल्या खाणकामगारांच्या वस्तींत आज वेल्श भाषेचें विद्यालय चालतें, आणि शिकणाऱ्यांबरोबर वाटसरूंनाहि तेथें चहा-फराळ मिळतो.

पदार्थांविषयीं म्हणाल, तर 'काउल' हें मेंढ्याचें मांस, कंदमुळें व लीक यांचें पातळ कालवण आजचें उद्यां अधिक चांगलें लागतें. हें आपल्या गृहिणींना समजावून सांगण्याची गरज नाहीं. 'बारा ब्रीथ' हा चहांत भिजविलेल्या मनुकांचा पाव लोणी लावून खातात. शाकाहारी मंडळींनीं दक्षिणेकडील ग्लॅमॉर्गन सॉसेजच्या नांवाला भिऊं नये. त्यांत मांसाचा लवलेशहि नसून चीज, लीक व पावाचा चुरा असतो. तेव्हां 'कांहीं नाहीं' म्हणणाऱ्यानें पुष्कळदां पाहिलेलेंच नसतें.

आतां खरा भाग. आम्ही उतरलों होतों त्या घरांत पाहुण्यांसाठीं माहितीची एक वही ठेविली होती. तींत जवळच्या खाण्यापिण्याच्या ठिकाणांची यादी होती, आणि तिच्यांतील तीन नांवांवर पेन्सिलीनें काट मारलेली होती. त्याखालीं आमच्या आधींच्या कोण्या पाहुण्यानें नाराजीचा शेरा लिहून ठेवला होता. काट कां पडली, हा प्रश्न त्या पाहुण्याला सुचला नाहीं. पहिल्या दिवशीं आम्हांलाहि सुचला नाहीं.

तो सुचावा म्हणून खेड्यांतील पबचें अर्थशास्त्र थोडेंसें पाहिलें पाहिजे. पिपांतली बिअर ही जिवंत वस्तु आहे. पीप एकदां उघडलें कीं तीन-चार दिवसांत तें संपलें पाहिजे. नाहीं तर आंबून फुकट जातें. स्वयंपाकघरांतील मांस-मासळीचीहि तीच गोष्ट. ऑगस्टांत गिऱ्हाइकांना तोटा नसतो. परंतु पब ऑगस्टावर जगत नाहीं, तो फेब्रुवारीवर जगतो. फेब्रुवारीच्या अंधाऱ्या संध्याकाळीं रोज येऊन बसणारीं वीस-पंचवीस माणसें गांवांत असतील, तर पीप वेळेवर संपतें आणि चूल पेटती राहते. गांवांतील निम्म्या घरांना कुलुपें असतील, तर मालकाला वाटेल तितका उत्साह असला तरी दोन-तीन हिंवाळ्यांत तो दार लावून घेतो. स्वयंपाकी व वाढपी यांना राहण्यास परवडेल असें घर गांवांत नसेल, तर तो त्याहि आधीं लावील. आणि मग ऑगस्टांत येणारा पाहुणा म्हणतो, येथें कांहीं नाहीं!

ही कुलुपें आमच्या कल्पनेंतलीं नव्हेत. हें द्वीपकल्प ज्या ग्विनेद परगण्यांत मोडतें, तेथील परिषदेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणें परगण्यांतील सुमारें दर दहा घरांपैकीं एक घर सुटीपुरतें वापरलें जात होतें. किनाऱ्यावरच्या कांहीं गांवांत हें प्रमाण कितीतरी अधिक. आबरसोख हें त्यांतलें नामांकित गांव. तेथील प्राथमिक शाळा विद्यार्थ्यांच्या अभावीं २०२१ च्या अखेरीस बंद झाली. ज्या गांवांत शाळेला मुलें मिळत नाहींत, त्या गांवांत पबला बारमहा गिऱ्हाईक कोठून मिळणार?

येथें आमचा एखादा सोंवळा वाचक म्हणेल, "दारूचे गुत्ते बंद पडत असतील तर पडोत, यांत शोक करण्यासारखें काय आहे?" हा आक्षेप आम्ही हंसण्यावारीं नेणार नाहीं, कारण खुद्द वेल्सनें तो दीर्घकाळ घेतलेला आहे. १८८१ च्या कायद्यानें वेल्समधील पब रविवारीं बंद ठेवण्यांत आले. १९६१ नंतर प्रत्येक जिल्ह्याला या प्रश्नावर मत देण्याचा अधिकार मिळाला, तरीहि ल्लीन ज्यांत येत होतें त्या डुइव्होर जिल्ह्यानें १९९६ पर्यंत ही रविवारची बंदी सोडली नाहीं. चॅपेलचें वजनच तेवढें होतें. १९१६ ते १९२२ पर्यंत पंतप्रधान असलेला लॉइड जॉर्ज याच भागांतील ल्लानस्टिमडुई गांवीं चांभाराचा व्यवसाय करणाऱ्या मामाच्या घरीं वाढला. १९१५ सालीं पांचव्या जॉर्ज बादशहानें महायुद्ध संपेपर्यंत मद्य वर्ज्य केलें, तें त्याच्याच आग्रहावरून.

आणि आतां पुढची हकीकत ऐकावी. त्याच ल्लानस्टिमडुईच्या लोकांनीं २०१९ सालीं भागभांडवल गोळा करून गांवचा 'अ प्ली' हा पब विकत घेतला. ल्ल्लिथव्हाइन या लहानशा गांवीं हा प्रकार त्याहूनहि आधींचा : तेथील 'ताव्हार्न अ विक' १९८८ सालींच गांवकऱ्यांच्या मालकीचा झाला, म्हणजे रविवारबंदी अद्याप चालू असतांना! ल्लानडूरोगच्या लोकांनीं २०२१ सालीं अशाच भागविक्रींतून चार लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि बंद पडलेला 'टीन ल्लान' पुन्हां उघडला. हे सगळे एकाएकीं मद्यासक्त झाले काय? मुळींच नाहीं. खाणी बंद झाल्या, चॅपेलचीं दारें लागलीं, टपालकचेरी गेली; चार माणसें एकत्र बसून आपल्या भाषेंत बोलतील अशी एकच खोली गांवांत उरली होती, आणि ती त्यांना जाऊं द्यावयाची नव्हती. २०२१ च्या शिरगणतींत वेल्समध्यें शेंकडा १७.८ लोकांनीं आपणांस वेल्श येतें असें सांगितलें. ग्विनेदमध्यें शेंकडा ६४.४. भाषा केवळ व्याकरणाच्या पुस्तकांत जगत नाहीं. ती शेजाऱ्याची चेष्टा करतांना, मेंढ्यांच्या भावावरून भांडतांना आणि सुरांत सूर मिसळून गातांना जगते. तेथें चहा घ्यावा कीं बिअर, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हीं चहा घेतला, आणि कोणीं नाक मुरडलें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : "पाहुणे आले नाहींत तर या ठिकाणांना पैसा कोण देईल?" यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही मान्य करितों. पाहुण्याच्या पैशानें ऑगस्टांतली तिजोरी भरते व हिंवाळ्याची तूट थोडीफार भरून निघते. पण आबरडारोनचें तें थोरलें स्वयंपाकघर आठवावें. परक्याला जेवूं घालण्याची या लोकांची रीत कित्येक शतकांची आहे. पाहुण्याशीं त्यांचें वैर कधींच नव्हतें. यात्रेकरू आला, जेवला, बेटावर गेला, घरीं परतला; त्यानें यजमानाचें घर विकत घेऊन त्याला कुलूप लावलें नाहीं. फरक आहे तो इतकाच, आणि हा फरक लहान नव्हे. म्हणूनच एप्रिल २०२३ पासून वेल्सच्या सरकारनें भाड्याचें घर वर्षांतून निदान १८२ दिवस खरोखर भाड्यानें गेल्याशिवाय त्याला धंद्याच्या सवलती देण्याचें नाकारलें, आणि ग्विनेदनें दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करावर आणखी दीडपट कर बसविला. त्यावर घरवाल्यांनीं पुष्कळ आरडाओरड केली. कांहीं प्रामाणिक छोट्या व्यावसायिकांनाहि त्याची झळ लागली असेल. तरीहि हा कर आम्हांला न्याय्य वाटतो. गांवाचा हिंवाळा ज्यानें विकत घेतला, त्यानें त्याची किंमत भरावी.

परंतु कायद्यानें कर वसूल होतो, चूल पेटत नाहीं. शनिवारीं शहरांतील मोठ्या दुकानांतून आठवड्याचें वाणसामान मोटारींत कोंबून आणावयाचें, सहा दिवस घरींच रांधावयाचें, आणि सातव्या दिवशीं गांवचा पब बंद आढळला कीं वहींत शेरा मारावयाचा, ही आपली वागणूक सुधारणें आपल्याच हातीं आहे. मालक स्वतः गांवांत राहतो असें घर शोधावें. पाव, दूध, अंडीं गांवांतल्या दुकानांतून घ्यावीं. चार पैसे अधिक पडले तर पडूं द्यावे. खानावळ कोणत्या दिवशीं उघडी असते हें आधीं विचारून ठेवावें, आणि शनिवारच्या गर्दींत न जातां मंगळवारीं जावें. जमल्यास ऑगस्ट टाळून नोव्हेंबरांत जावें; पाऊस दोन्ही महिन्यांत पडतोच. जेवण झाल्यावर 'दिओल्ख' हा आभाराचा एक शब्द तरी त्यांच्या भाषेंत उच्चारावा.

एवढें करणें ज्यांना जड वाटतें, त्यांनीं खुशाल घरचा डबा बांधून न्यावा. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. मात्र मग गांवाला नांवें ठेवण्याचा हक्क त्यांनीं सोडला पाहिजे. निघण्यापूर्वीं आम्हीं त्या वहींत उघड्या असलेल्या दोन ठिकाणांचे वार व वेळा लिहून ठेविल्या, आणि काट मारलेल्या तीन नांवांखालीं तीं घरें कोणत्या सालीं बंद पडलीं हें शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारून नोंदविलें. पुढचा पाहुणा तें वाचील कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. वाचलें, तर शेरा लिहिण्यापूर्वीं तो निदान क्षणभर थांबेल.