लक्सा आणि लक्ष

सिंगापुरास नोकरी करणारा आमचा पुतण्या गेल्या महिन्यांत यवतमाळास आला होता. रात्रीं पंगतींत त्यानें तिकडच्या ‘लक्सा’ या पदार्थाचें वर्णन केलें: तांदळाच्या शेवया, वर मिरच्यांचें तिखट वाटण व नारळाचें दूध, पिनांगकडे नारळाऐवजीं चिंचेचा आंबट रस्सा. त्यांत मासे व कोळंबी असते हें त्यानें हळूच सांगितलें, आणि वडीलधाऱ्या मंडळींनीं तें ऐकूं आलें नाहीं असें दाखविलें.

आम्हांस मात्र नांव ऐकून स्वस्थ बसवेना. चाळीस वर्षें अमरकोश घोकविणाऱ्यास असा शब्द भेटला कीं तो संस्कृतांत नेऊन बसविल्याखेरीज घांस उतरत नाहीं. मलायी भाषेंत ‘लक्सा’ म्हणजे दहा हजारहि होतात. हा आपलाच ‘लक्ष’, समुद्र ओलांडतांना एक शून्य हरवून बसलेला. (उलट आपलें दहा हजारांचें ‘अयुत’ तेथें ‘जुता’ होऊन दहा लक्षांवर चढलें!) तेव्हां, वाडग्यांत असंख्य शेवया म्हणून लक्सा, असा निकाल आम्हीं ठोकून दिला. मुलांनीं तो वहींत उतरूनहि घेतला.

वाढतां वाढतां वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, शेवया मोजून कोणी नांव देतें का? बोटव्या बोटांवरून, नखुल्या नखांवरून. करणाऱ्याच्या हाताला सुचतें तें नांव.”

दुसरे दिवशीं आम्हीं शोध घेतला. फारसींत ‘लाख्शा’ म्हणजे शेवयाच; त्याचा संबंध निसरडेपणाशीं लावितात. रशियनांचा ‘लाप्शा’ व यहुद्यांचे ‘लोक्शेन’ हीं त्याचींच भावंडें. जावा बेटांतील १३९१ सालच्या बिलुलुक लेखांत ‘हंगलक्सा’, म्हणजे शेवया करणारा, आढळतो. ‘लक्षा’चा पक्ष घेणारे आहेत, पण विद्वानांचा कल फारसीकडे आहे, आणि आतां आमचाहि. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत शेवयांना ‘सेविका’ म्हटलें आहे, एवढेंच संस्कृत आमच्या पदरीं उरलें.

वहींतील ओळ आम्हीं मुलांकडून खोडविली, एकानें विचारलें, “मग शाळेंतहि असें कांहीं चुकीचें शिकवलें असेल का?” आम्हीं पानसुपारीचा डबा शोधूं लागलों.

रविवारीं वहिनींनीं उन्हाळ्यांत वाळविलेल्या शेवया काढून, नारळाचें दूध घालून, आपल्या सोंवळ्यांतला लक्सा केला. पहिलाच घांस बोटांतून निसटला व धोतरावर हळदीचा डाग पडला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.