विविक्त गणित: संगणकशास्त्राचा पाया
संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक गोष्ट शून्य आणि एक या दोनच चिन्हांच्या सांत मालिकांनी दर्शवली जात असल्याने, अखंड बदलणाऱ्या राशींचा विचार करणाऱ्या कलनशास्त्रापेक्षा सुट्या, एकेक करून मोजता येणाऱ्या वस्तूंचा अभ्यास करणारे विविक्त गणित, म्हणजेच डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संगणकशास्त्राला अधिक जवळचे ठरते. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विधानांच्या सत्यासत्यतेचे बीजगणित सविस्तर मांडले आणि क्लॉड शॅनन यांनी १९३७ मधील आपल्या प्रबंधात तेच बीजगणित विद्युत स्विचांच्या मंडलांना लागू पडते हे दाखवले. मदुराईत जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन यांचा नियम, म्हणजे ‘दोन्ही अटी पूर्ण होतात’ याचा नकार ‘निदान एक अट पूर्ण होत नाही’ असा होतो हे सूत्र, आजही प्रोग्रामरला पदोपदी लागते. पहिल्या पायरीसाठी विधान सिद्ध करून, ते कोणत्याही एका पायरीवर खरे असल्यास पुढच्या पायरीवरही खरे ठरते हे दाखवणारी विगमनाची रीत प्रोग्राममधील लूपची अचूकता पडताळण्यास उपयोगी पडते. वर्णानुक्रमे लावलेल्या १० लाख नावांत दर वेळी मधले नाव तपासून निम्मी यादी वगळत गेल्यास फार तर २० तुलनांत शोध पुरा होतो, कारण दोनचा विसावा घात १० लाखांहून मोठा आहे. प्रत्येक संभाव्य यादीसाठी अशी हमी केवळ सिद्धताच देऊ शकते. म्हणून विद्यार्थ्याने परीक्षेपुरती सूत्रे पाठ करण्याऐवजी लहान लहान सिद्धता स्वतः लिहीत हा विषय शिकणे श्रेयस्कर ठरते.