संमती आणि गुणांचा रकाना

कुट्सी यांची ‘डिसग्रेस’ (१९९९) ही कादंबरी वर्गात चर्चेला घेतली की एक प्रश्न हमखास येतो. मुलगी सज्ञान होती, मग प्राध्यापक ल्यूरीचा गुन्हा कोणता? चौकशी समितीपुढे तो आरोप मान्य करतो, पण पश्चात्ताप व्यक्त करायला नकार देतो, याचे काहींना कौतुकही वाटते. मला मात्र एक लहानसा तपशील अधिक बोलका वाटतो. मेलनी चाचणीला आलेलीच नसते, तरी ल्यूरी तिची हजेरी लावतो आणि नावापुढे सत्तर गुण मांडतो. त्या क्षणी ते प्रकरण दोघांचे खासगी उरत नाही. वर्गातले बाकीचे सगळे त्यात ओढले जातात.

आपला कायदा या जागेपर्यंत पोहोचत नाही. अठरा वर्षांखाली २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचा प्रश्नच ठेवलेला नाही. एकाच आवारात कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालये चालवणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. त्यापुढच्या वयासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. त्यांचा भर नकोशा वर्तनावर, आमिषावर आणि धमकीवर आहे. तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, फार तर आणखी तीन. पीएच.डी.ची विद्यार्थिनी मौखिकी होईपर्यंत तोंड उघडत नाही, हे मुदत ठरवणाऱ्यांना कुणी सांगितले नसावे.

हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेने २०१५ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांशी अध्यापकांच्या अशा संबंधांवर बंदी घातली. ऑक्सफर्डने २०२३ मध्ये, ज्यांची जबाबदारी आपल्यावर आहे अशा विद्यार्थ्यांपुरती ती घातली. मला दुसरी रीत पटते. आपल्याकडे सरसकट बंदी आली तर पहिला फोन मुलीच्या वडिलांना जाईल आणि तिचे शिक्षण थांबेल. बंधन अध्यापकावर हवे : त्याने संबंध लेखी कळवावा आणि तिच्या मूल्यमापनातून, मार्गदर्शनातून बाजूला व्हावे.

यावर विद्यार्थिनींशी विवाह केलेल्या ज्येष्ठांचे दाखले दिले जातात. त्यांचे संसार सुखाचे झाले असतील, होवोत. पण त्या वर्षीचे अंतर्गत गुण कुणी दिले, हे त्या वर्गातल्या इतरांना विचारायला हवे.

शिवाय मार्गदर्शक बदलायचा तर बहुतेकदा जुन्याच मार्गदर्शकाचे ना-हरकत पत्र लागते. सुरुवात ती अट काढण्यापासून करता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही.